ढगीचं कुलूप

आमच्या गल्लीच्या टोकाला मोठी लॉन्ड्री आहे. घरोघरचे शर्ट इस्त्री करून देणारी नव्हे. दवाखान्यांच्या चादरी आणि हॉटेलांचे टॉवेल तिथे गाड्या भरून येतात आणि गाड्या भरूनच परत जातात. तिच्या मागच्या भिंतीतून दिवसभर वाफ निघते. थंडीच्या दिवसांत ही वाफ इतकी खाली उतरते की गल्लीतून जाणाऱ्या माणसाचे पाय दिसेनासे होतात आणि वरचा अर्धा माणूस तेवढा तरंगत गेल्यासारखा वाटतो. या वाफेतून रोज सकाळी एक बाई कामावर जाते. तिला सगळे ढगी म्हणतात.

हे नाव वाफेमुळे पडलेलं नाही. ते शाळेतलं आहे, आणि ते पडलं तेव्हा मी फळ्यापाशी उभी होते. गणित चाललं होतं आणि ही खिडकीशी बसून डोळे उघडे ठेवून कुठेतरी निघून गेली होती. मी विचारलं, "मन कुठे आहे गं तुझं?" तिने खरोखर जरा शोधल्यासारखं केलं आणि म्हणाली, "वर आहे, बाई." उद्धटपणाचा लवलेश नव्हता त्यात. विचारलं म्हणून बघून सांगितलं, इतकंच. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "ढगात!" आणि ढगी जी झाली ती आज पन्नाशी उलटली तरी ढगीच आहे.

तिची थोरली बहीण दोन इयत्ता पुढे होती. मधल्या सुट्टीत ती आमच्या वर्गात यायची, धाकटीचा डबा उघडून तिच्यापुढे ठेवायची, हातात चमचा द्यायची आणि मगच खेळायला जायची. नाहीतर ही डबा मांडीवर घेऊन तशीच बसून राहायची. पुढेही तेच चाललं. थोरलीचं लग्न झालं, ढगीचं झालं नाही. "विचारायला माणसं आली होती की," थोरली सांगते. "हिचंच लक्ष नव्हतं." थोरलीच्याच घरातल्या मागच्या खोलीत ढगी राहते. दोघी एकाच लॉन्ड्रीत कामाला. थोरली दुपारच्या पाळीत, चादरी सपाट करणाऱ्या तापलेल्या रोलरवर. ढगी सकाळच्या पाळीत, धुलाईच्या मशीनवर. थोरलीचा नवरा लॉन्ड्रीची गाडी चालवतो. म्हणजे एका घरातला एक धुतो, एक वाळवतो आणि एक पोचवतो.

धुलाईची खोली मी एकदा पाहिली आहे. दारापेक्षा उंच अशी मशीनं रांगेत उभी असतात. प्रत्येकाला गोल काचेचं दार असतं, आणि त्या काचेमागे चादरी फेसातून वर चढतात, क्षणभर थांबतात आणि खाली कोसळतात. खोलीत सतत एक मऊ घरघर भरलेली असते, ती कानांपेक्षा पायांना जास्त ऐकू येते. ढगी तिथे आयुष्यभर उभी राहिली. गाड्या रित्या करायच्या, दारं लावायची, आणि मधल्या वेळात त्या काचांसमोर उभं राहायचं. "रोज तेच तेच बघून कंटाळा येत नाही का?" मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "एक चादर दोनदा सारखी पडत नाही, बाई."

कधीकधी मात्र चादरी एकमेकींना पीळ घालतात, त्यांचा जाड दोर होतो आणि ड्रम अडतो. मग कुणालातरी आत शिरून तो सोडवावा लागतो. वर्षानुवर्षांची रीत अशी होती की शिरणारीने मोठ्याने ओरडायचं, "आत आहे गं!" आणि बाहेरून कुणीतरी "हो!" म्हणायचं. बस्स. तो "हो" म्हणजेच सगळी सुरक्षितता.

मग दूरच्या कुठल्यातरी लॉन्ड्रीत तो "हो" म्हणणारी चहाला गेली. पुढे काय झालं ते आमच्याकडे कुणी पूर्ण सांगत नाही. पण त्यानंतर इथल्या मालकांनी नियम केला, की कम्युनिटी कॉलेजातला सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पास होणाऱ्यांनीच धुलाईच्या खोलीत काम करायचं. बाकीच्यांनी पॅकिंगमध्ये जायचं.

पॅकिंगची खोली मागे आहे. तिला खिडकी नाही. तिथे कोरड्या घड्या प्लास्टिकमध्ये गुंडाळतात आणि दिवसभर त्या प्लास्टिकची चरचर ऐकतात. ढगीने हे ऐकलं तेव्हा ती त्या दिवशी जेवली नाही, आणि या खेपेला डबा उघडून ठेवूनही जेवली नाही.

"तू आणि सुरक्षितता!" थोरली म्हणाली. "उद्या मासा झाडावर चढायच्या क्लासला जाईल." पण कॉलेजची फी भरायला तीच गेली, आणि बस कुठे बदलायची तेही तिनेच पाठ करून घेतलं.

कॉलेज म्हणजे एक जुनं गोदाम आहे, मधे भिंती घालून केलेलं. संध्याकाळी कामं आटपून माणसं तिथे येतात. ढगीच्या वर्गाला जाताना वाटेत केशकर्तनाचा वर्ग लागायचा. तिथे फळीवर प्लास्टिकची डोकी ओळीने मांडलेली असत, अर्ध्या कापलेल्या केसांची, सगळी एकाच दिशेला बघणारी. ढगी जाताना त्यांच्याकडे बघून मान हलवायची. पलीकडच्या खोलीत वायरिंग शिकणारे दिवे लावत आणि विझवत बसलेले असत, त्यामुळे बोळ कधी उजळायचा, कधी मंदावायचा. तिच्या वर्कशॉपमध्ये एक निवृत्त धुलाई मशीन आणून ठेवलं होतं. त्याला पाणी नव्हतं आणि काचही नव्हती. रिकामा ड्रम तेवढा होता. शेजारी भिंतीवर विजेचं पॅनेल.

शिकवणारे सर पूर्वी फिटर होते. ते इतकं हळू बोलत की सगळा वर्ग पुढे झुकलेला असे. "ओरडलं की माणसं ऐकत नाहीत," ते म्हणत, "नुसती गप्प बसतात." त्यांनी प्रत्येकाला एक लाल कुलूप दिलं, ज्याची किल्ली एकच असते असं, आणि त्यावर आपली खूण करायला सांगितली. एका क्रेनवाल्याने मिशीचं चित्र काढलं. ढगीने नखांच्या पांढऱ्या रंगाने एक ढग काढला.

सरांचा धडा साधा होता. मशीन बंद करा, मेन स्विच खाली ओढा, त्याच्या कडीत आपलं कुलूप घाला, किल्ली गळ्यात अडकवा. बटण दाबून बघा, मशीन मेलं आहे ना? मग आत जा. काम झालं की बाहेर या, आत कुणी नाही हे बघा, आणि आपलं कुलूप आपल्या हाताने काढा. "दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही," सर म्हणाले. "कुलूप दिसलं की त्याच्यामागे माणूस आहे असं समजायचं. माणूस डोळ्यांनी बाहेर दिसेपर्यंत कुलूप तुटत नाही."

आणि मग त्यांनी ते करायला लावलं ज्यामुळे पुढचं सगळं घडलं. त्यांनी वर्गाला डोळे मिटायला सांगितले. "आपापल्या कामाच्या जागी जा. दारातून आत शिरा. चाला. काय दिसतं ते सांगा."

माणसं चुळबुळली. क्रेनवाल्याला म्हणे क्रेन दिसली. कुणी खोकलं, कुणी हसलं. ढगीची पाळी आली तेव्हा ती डोळे मिटून बोलू लागली आणि वर्ग शांत झाला. वाफ दारापाशी जाड असते, ती म्हणाली. शेवटच्या मशीनखाली पाणी साचतं, ते पांढऱ्या फरशीवर दिसत नाही. कपड्यांची गाडी तिथे वळते तेव्हा तिचं मागचं चाक अडखळतं आणि ढकलणारी पुढे झुकते. पुढे रोलर आहे. झुकणाऱ्या बाईच्या डोक्याचा रुमाल सुटलेला आहे.

या खेपेला सर पुढे झुकले. मग विचारलं, "हे तू रोज बघतेस?"

"नाही सर. रोज नाही दिसत. आत्ता दिसलं."

सर हसले नाहीत. म्हणाले, "हे सगळ्यांना जमत नाही. याचा रोज सराव कर. कुलपाची सगळी कामंसुद्धा अशीच डोळ्यांपुढे आणून कर."

ज्या गोष्टीसाठी आयुष्यभर बोलणी खाल्ली, तोच गृहपाठ मिळाला! ढगी बसमध्ये डोळे मिटू लागली, नळाखाली भांडं भरताना मिटू लागली. तोंडाने पुटपुटायची, स्विच खाली, कुलूप, किल्ली गळ्यात. थोरली वैतागली. "रस्ता ओलांडताना मिटू नकोस म्हणजे झालं. माझे कान किटले त्या कुलपानं. आता मलासुद्धा परीक्षेला बसवा!"

परीक्षेच्या दिवशी सकाळची पाळी संपत आली असताना मोठं मशीन अडलं. ढगीने सगळं नीट केलं. स्विच ओढला, ढगाचं कुलूप कडीत घातलं, किल्ली गळ्यात अडकवली, बटण दाबून पाहिलं आणि आत शिरली. ड्रमला आतून सगळीकडे भोकं असतात. बाहेरच्या दिव्याचा उजेड त्यातून येतो आणि ओल्या चादरींवर ठिपके पडतात. पीळ सोडवायला वेळ लागला. तो सुटला तेव्हा चादरी तिच्याभोवती हलकेच पसरल्या, आणि ती जरा वेळ तिथेच बसली. मला ती म्हणाली, "बाई, आत इतकं शांत होतं, की घरघर कुणाची ते कळलं. माझीच होती."

बाहेर येऊन तिने हात पुसले. पाळी सुटली की लगेच परीक्षा होती. उजळणी म्हणून लॉन्ड्रीच्याच पॅनेलसमोर उभी राहून तिने डोळे मिटले आणि एकदा सगळं मनात करून घेतलं. स्विच. कुलूप. किल्ली. आत. बाहेर. कुणी नाही. किल्ली फिरवली, कुलूप उघडलं. त्याचा थंडपणा तळव्याला लागला, आवाजसुद्धा आला, टक्. मग तिने डोळे उघडले, पिशवी उचलली आणि समाधानाने कॉलेजची बस पकडली.

कुलूप कडीतच होतं.

थोरली त्या दिवशी पाळीवर जरा उशिरा आली ती रोलरकडे जाता जाता थबकली. मोठं मशीन गप्प होतं, दार अर्धवट उघडं होतं, आत ओल्या चादरींचा ढिगारा होता आणि पॅनेलवर पांढरा ढग होता. तिने हाक मारली. उत्तर आलं नाही. तिने फोन लावला, तो बंद. ढगी तोवर कॉलेजात पोचली होती, आणि वर्कशॉपमध्ये शिरताना फोन बंद करून टोपलीत ठेवावा लागतो, हे थोरलीला ठाऊक नव्हतं.

सुपरवायझर आला. दवाखान्याच्या चादरी वेळेत पाठवायच्या होत्या आणि तो घायकुतीला आला होता. "गेली असेल घरी विसरून. तिचं काय नवीन आहे? कटर आणा, तोडा ते."

थोरली पॅनेलला पाठ लावून उभी राहिली. "कुलपाला हात लावाल तर गाठ माझ्याशी आहे."

"अहो बाई, आत नुसत्या चादरी आहेत!"

"आणि चादरींच्या खाली?"

आधी इकडे कुणीतरी "हो" म्हटलं असतं आणि बटण दाबलं असतं. आता तसं म्हणवेना. थोरलीने आपल्या कपाटाचं कुलूप काढून आणलं, पितळी, आणि ढगीच्या कुलपाशेजारी कडीत अडकवलं. मग बटण दाबून पाहिलं आणि ड्रममध्ये शिरली. एकेक चादर ओढून ती बाहेर फेकू लागली आणि फेकताना हाका मारू लागली. ढगी म्हणून नव्हे, तर तिचं पाळण्यातलं नाव घेऊन. ते नाव लॉन्ड्रीत त्या दिवसापर्यंत कुणी ऐकलेलं नव्हतं. रोलर थांबले. बायका वाफेत उभ्या राहिल्या आणि ते नाव ऐकत राहिल्या.

ड्रम रिकामा झाला. त्यात कुणी नव्हतं. मग बॉयलरच्या खोलीत बघितलं, मशीनांच्या मागे बघितलं. शेवटी थोरलीने नवऱ्याला गाडी घेऊन कॉलेजात पिटाळलं.

तो वर्कशॉपच्या दारात पोचला तेव्हा ढगीची परीक्षा नुकतीच संपली होती. तिने एकही चूक केली नव्हती, आणि सरांनी मान डोलावली होती.

"मेहुणीबाई, तुम्ही इथे आहात ना?" तो धापा टाकत म्हणाला.

"इथेच आहे की, भावोजी."

"म्हणजे आत नाही आहात?"

"कुठे आत?"

"मोठ्या मशीनमध्ये हो! तुमचं कुलूप लटकतंय तिथे, आणि तुमची बहीण त्यात डोकं घालून रडतेय!"

परीक्षेसाठी कॉलेजने दुसरं कुलूप दिलं होतं. ढगीने गळ्याशी हात नेला. परीक्षेच्या कुलपाची किल्ली तिने टेबलावर परत ठेवली होती. गळ्यात तरीही एक किल्ली होती.

सरही गाडीत बसले. वाटेत ढगी एकच वाक्य बोलली. "सर, मी काढलं होतं. आवाज ऐकला मी."

सर बाहेर बघत होते. "हो," ते म्हणाले. "ते मीच शिकवलं तुला."

लॉन्ड्रीत ती आत आली तेव्हा थोरली चिंब भिजून एका बादलीवर बसली होती. धाकटीला पाहून ती उठली, तिचे दोन्ही दंड धरले, बघितलं आणि म्हणाली, "आत मेली असतीस ना, तर जिवंत सोडलं नसतं तुला." मग स्वतःच्याच बोलण्याचं तिला हसू आलं, आणि ते हसणं कुठल्या क्षणी रडणं झालं ते कळलं नाही.

ढगीने पॅनेलपाशी जाऊन डोळे उघडे ठेवून कुलूप काढलं. सुपरवायझर लगेच स्विचकडे झेपावला.

"थांबा," सर म्हणाले. "हे पितळी कुणाचं?"

"माझं," थोरली नाक पुसत म्हणाली. "मी आत गेले होते ना."

"तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कोण शिकवणार? ही घरात दुसरं काही बोलते का?"

सरांनी मान हलवली आणि थोरली ते कुलूप काढेपर्यंत वाट बघितली. मशीन सुरू झालं. सुपरवायझरने ढगीच्या परीक्षेचं विचारलं. सगळ्या बायका कान टवकारून उभ्या होत्या.

"वर्कशॉपमध्ये ती पास झाली," सर म्हणाले. "इथे नाही झाली. कुलूप लावायला ती चुकली नाही, हे फार मोठं आहे. पण काढायला चुकली. आज नुसता उशीर झाला. पण दोनदा असं झालं, की माणसं म्हणायला लागतील, हिचं कुलूप काय, रिकामंच असतं. आणि ज्या दिवशी ती खरंच आत असेल त्या दिवशी ते कुलूप तोडतील. मी तिला पास करू शकत नाही."

थोरली उसळली. "तुम्हीच म्हणालात ना, डोळे मिटा, डोळे मिटा!"

"म्हणालो. माझंही निम्मं नापास आहे त्यात. पुढच्या तुकडीला मी वेगळं शिकवीन. तिने यावं."

"बरोबर आहे, ताई," ढगी हळूच म्हणाली. "मला आता माझ्या हातांचा भरवसा नाही वाटत." आणि दुसऱ्या दिवशी ती पॅकिंगच्या खोलीत गेली.

ते दिवस तिला जड गेले. सुट्टीच्या दिवशी ती माझ्याकडे येऊन बसायची. मी चहा करायची आणि ती कप हातात धरून गार करायची. एकदा म्हणाली, "तिथे मन कुठे जातच नाही, बाई. जागच्या जागी बसतं." तिच्या तोंडून तक्रार म्हणून ऐकलेलं हे एकच वाक्य. मला शाळेतली ती खिडकी आठवली नाही. माझ्या डोळ्यांपुढे आली ती पॅकिंगची खोली आणि तिच्या बोटांवर चिकटलेलं प्लास्टिक. मी तिचा गार झालेला चहा पुन्हा तापवायला घेतला.

पुढच्या तुकडीत दोघी बहिणी शेजारी शेजारी बसल्या. सर आताही डोळे मिटायला लावत, पण फक्त धोके बघायला. कुलपापाशी आलं की म्हणत, "उघडा डोळे. बघायचं ते मनात, करायचं ते हातानं." ढगीला तर त्यांनी आणखी एक शिस्त लावली. काढलेलं कुलूप खिशात टाकायचं नाही. ते हातात वर धरून, दुसऱ्या कुणाला तरी दाखवून, मगच स्विचला हात लावायचा. थोरली तिला कोपराने ढोसत म्हणायची, "दाखव मला. मी आहे कशाला?"

दोघीही पास झाल्या. थोरलीला जास्त गुण मिळाले आणि ते तिने महिनाभर सगळ्यांना ऐकवले.

आता ढगी धुलाईच्या खोलीत परतली आहे, आणि थोरलीने आपली पाळी बदलून घेतली आहे. मशीन अडलं आणि सुटलं की रोलरकडून थोरलीचा आवाज येतो, "काढलंस का गं?" आणि वाफेतून एक हात वर होतो, त्यात लाल कुलूप असतं. बाकीच्या बायका आधी हसल्या. आता त्याही एकमेकींना दाखवतात. बाहेरचं माणूस आलं तर त्याला वाटतं, इथे उगाचच हात वर करायची चाल आहे.

परवा थोरली मला सांगत होती. तिने हाक मारली आणि उत्तर आलं नाही. हात वर झाला नाही. रोलर थांबवून ती धावत गेली. मोठ्या मशीनसमोर ढगी उभी होती, डोळे उघडे, हातात कुलूप, आणि पॅनेलची कडी मोकळी. स्विच अजून खालीच होता, कुणाला दाखवल्याशिवाय तो वर करायचा नाही म्हणून. ती काचेतून आत बघत होती, मशीन बंद असूनही.

"मग? रागावलीस ना?" मी विचारलं.

"नाही हो, बाई," थोरली म्हणाली. "कुलूप दिसलं मला. म्हटलं, असू दे जरा वेळ. मीच स्विच वर केला आणि रोलरकडे गेले."